अडतीस ग्रॅमचा रंग : व्ही-२ च्या एका मॉडेलचं प्रकरण

रॉकेट पडल्यानंतर पहिले दोन दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की वाऱ्याने घात केला. वारा होता हे खरं. पण मी सांगत होतो ती गोष्ट चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने एका वाक्यात दाखवून दिलं. ते वाक्य पुढे येईलच. आधी रॉकेट कोणतं, कसं बांधलं ते सांगतो, कारण दोष तिथूनच सुरू होतो.

मॉडेल होतं व्ही-२ चं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन क्षेपणास्त्राचं, १:२५ प्रमाणातलं. मूळ व्ही-२ ची उंची १४ मीटर आणि व्यास १.६५ मीटर. म्हणजे आमचं ५६ सेंटिमीटर उंच आणि ६६ मिलिमीटर जाड. किटमध्ये प्लॅस्टिकचं पोकळ नाक, पुठ्ठ्याची नळी, मागे निमुळता होत जाणारा शेपटीचा भाग, बाल्सा या हलक्या लाकडाच्या चार फिन (शेपटीचे पंख), २४ मिलिमीटरच्या मोटरसाठी बैठक आणि पॅराशूट. नाकात टोकाशी ४५ ग्रॅम माती दाबायची असं सूचनापत्रात ठळक अक्षरात लिहिलं होतं. ती मी इमानेइतबारे दाबली.

रंगाबद्दल एक गोष्ट आधीच ठरवली होती. युद्धात डागलेल्या व्ही-२ चा छद्मरंग द्यायचा नाही. ही रॉकेटं मिटेलबाऊ-डोराच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून बांधून घेतली गेली, आणि ते रॉकेट टेबलावर ठेवताना हे विसरणं मला जमत नाही. आम्ही चाचणी-उड्डाणांचा काळापांढरा चौकटींचा रंग घेतला. त्या चौकटी शोभेसाठी नव्हत्या. रॉकेट स्वतःभोवती किती फिरतं ते जमिनीवरच्या कॅमेऱ्यांतून कळावं म्हणून त्या होत्या. मॉडेलवरही त्या तेच काम करतात, पण त्यांच्या कडा धारदार दिसायच्या तर खालचा पृष्ठभाग काचेसारखा हवा. आणि इथेच माझा पाय घसरला.

गुळगुळीतपणाची किंमत

बाल्सा म्हणजे रेषारेषांचं लाकूड. त्या रेषा रंगाखालून दिसतात. मी फिनना सीलर दिला, पॉलिश पेपर मारला, परत सीलर, परत पॉलिश पेपर. मग पुट्टी. फिन आणि शेपूट जिथे जुळतात तिथे इपॉक्सीची चांगली गोलसर भर घातली, बोट फिरवलं तर कुठे सांधा लागू नये अशी. मग राखाडी प्रायमरचे तीन थर, पांढऱ्याचे तीन, काळ्या चौकटी आणि वरून लॅकर. नाकाचं प्लॅस्टिक मुळातच गुळगुळीत, त्यामुळे त्याला प्रायमरचा एकच हात पुरला. म्हणजे जवळजवळ सगळी मेहनत रॉकेटच्या मागच्या अर्ध्या भागावर झाली.

रंगाच्या आधी आम्ही दोन तपासण्या केल्या होत्या. पहिली तोल. मोटर बसवून, पॅराशूट भरून रॉकेट पट्टीच्या धारेवर आडवं ठेवायचं आणि जिथे ते तोलून राहील तिथे पेन्सिलीची खूण करायची. तो गुरुत्वमध्य. आमचा नाकाच्या टोकापासून २९ सेंटिमीटरवर आला. वजन २१५ ग्रॅम, डी१२ मोटरसकट (हे नाव कसं वाचायचं ते पुढे).

दुसरी गोष्ट दाबमध्याची. हवेचा सगळा बाजूचा दाब जणू ज्या एका बिंदूवर पडतो तो दाबमध्य. तो काढायची पद्धत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये छंदिष्टांसाठी मांडली, आणि साध्या गुणाकार-भागाकाराने जमते म्हणून आजही सगळे तीच वापरतात. व्ही-२ मध्ये गंमत अशी की मागे निमुळती होणारी शेपूट दाबमध्य पुढे ओढते. फिन तो मागे नेतात, शेपूट त्यातला काही भाग परत घेते. सगळी बेरीज-वजाबाकी करून आमचा दाबमध्य टोकापासून ३६ सेंटिमीटरवर निघाला.

रॉकेट सरळ जायचं तर गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढे हवा. या अंतराला एक कॅलिबर म्हणतात. आमचा व्यास ६.६ सेंटिमीटर, म्हणजे गुरुत्वमध्य २९.४ च्या आत असायला हवा. तो २९ वर होता. काठावर, पण पास.

मग दोरीची तपासणी. गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक, शेपूट पुढे आली किंवा आडवं गडगडलं तर नाही. आमचं पहिल्या दोन फेऱ्यांत डगमगलं आणि मग नाक पुढे करून शहाण्यासारखं फिरलं. लेकीने टाळ्या वाजवल्या.

रंग वाळल्यावर ती म्हणाली, "बाबा, परत दोरी बांधून फिरवायचं ना?"

"अगं, लॅकर अजून कोवळं आहे. दोरीचा वळ उठेल."

हे संभाषण मी इथे मुद्दाम जसंच्या तसं देतोय. तीन आठवडे घासून मिळवलेल्या चकाकीवर दोरीचा ओरखडा मला नको होता. तोलही परत पाहिला नाही. पट्टीची धार रंगाला लागेल, हेच कारण.

मोटर बदलली

दुसरी चूक पहिलीतून निघाली. रंगाने वजन वाढलं असणार हे हाताला कळत होतं. म्हणून मी डी१२ ऐवजी ई१२-४ घेतली. मनातला हिशेब साधा होता: रॉकेट जड झालं, तर मोटर मोठी लावू.

मोटरवरची अक्षरं कशी वाचायची हे मला माहीत होतं. अक्षर म्हणजे एकूण आवेगाचा, म्हणजे जोर गुणिले जळण्याचा वेळ याचा, गट. डी म्हणजे १० ते २० न्यूटन-सेकंद, ई म्हणजे २० ते ४०, दर अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट. पहिला आकडा सरासरी थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा जळण संपल्यावर किती सेकंदांनी मोटरमधली छोटी बार उडून पॅराशूट बाहेर फेकेल तो. हे सगळं पाठ असूनही डी१२ आणि ई१२ मधले दोन्ही बारा माझ्या डोळ्यांत शिरले नाहीत. सरासरी थ्रस्ट तेवढाच आहे! ई१२ जास्त जोराने ढकलत नाही, जास्त वेळ ढकलते. जास्त वेळ जळायचं तर आत बारूद जास्त, म्हणून मोटर लांब आणि जड. डी१२ तराजूवर ४२ ग्रॅम भरली होती, ई१२ भरली ५८. म्हणजे सुरुवातीच्या क्षणी, जेव्हा खरी निकड असते तेव्हा, मी रॉकेटला काहीच दिलं नाही. उलट शेपटीत सोळा ग्रॅम ओझं बांधलं.

या तयार मोटरमुळेच हा छंद घरात आणता येतो, हे जाता जाता सांगायला हवं. अमेरिकेत नेब्रास्कातले बुटांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये बदलता येणारी कागदी नळीची मोटर बनवली, तोवर हौशी मंडळी स्वतः दारू ठासत आणि बोटं गमावत. मोटर कधी उकलायची नाही, घरी भरायची नाही, याला अपवाद नाही.

उड्डाण

सकाळी नऊची वेळ, मोकळं मैदान, गवत. जवळच्या खांबावर बांधलेली रिबन आडवी होत होती. वाऱ्याचा वेग सेकंदाला चार मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी चौदा-पंधरा किलोमीटर. मॉडेल रॉकेटच्या सुरक्षासंहितेत ताशी ३२ पर्यंत चालतं, त्यामुळे नियमाने आम्ही बरोबर होतो. रॉकेट ज्याच्या आधाराने वर सुटतं तो ९० सेंटिमीटरचा लाँच रॉड, उभा. डीपर्यंतच्या मोटरला पाच मीटर लांब उभं राहायचं, त्यावर नऊ मीटर. आम्ही नऊ मीटर मोजून वारा पाठीवर घेऊन उभे राहिलो.

पाच, चार, तीन, दोन, एक. बटण दाबल्यावर इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी तार, लाल व्हायला अर्धा सेकंद जातो, तो अर्धा सेकंद मला दरवेळी फार लांब वाटतो. मग फस्स करून रॉकेट रॉडवरून सुटलं. दहा-बारा मीटर वर गेलं. आणि मग कुणी शेपटीला धरून उलटं करावं तसं त्याने नाक टाकलं. मोटर जळत होती, धुराचा एक मोठा वेढा, मग दुसरा अर्धा वेढा, आणि रॉकेट हवेत आडवं गरगरत आमच्यापासून लांब गवतात पडलं.

लेक पळायला निघाली. मी तिचं मनगट धरलं. "थांब, अजून बार उडायचाय." दोन सेकंदांनी गवतात फट्ट झालं, नाक निघून हातभर लांब जाऊन पडलं आणि नवंकोरं पॅराशूट गवतावर धुरकटून पसरलं. कुणाला काही झालं नाही. एक फिन अर्ध्यातून मोडली होती, बाकी अंग शाबूत. अस्थिर रॉकेट गोल गोल फिरण्यातच वेग गमावतं, म्हणून ते तितकंसं फुटत नाही. सरळ खाली घुसलं असतं तर उरलं काहीच नसतं.

तपास

घरी येईपर्यंत माझं निदान तयार होतं. वाऱ्याने वळवलं. फिनवाली रॉकेटं वाऱ्याच्या दिशेला नाक वळवतात, कोंबडा लावलेल्या वातकुक्कुटासारखी, हे सर्वांना माहीत आहे. आमचंही तसंच झालं, जरा जास्त झालं एवढंच.

तिसऱ्या दिवशी लेक मोबाइलवरचं चित्रण संथ करून बघत होती. म्हणाली, "बाबा, वारा आपल्या पाठीवर होता ना? मग रॉकेट आपल्याकडे वळायला हवं होतं."

मी मोबाइल हातात घेतला. नाक आमच्यापासून लांब झुकत होतं. वाऱ्याबरोबर. वाऱ्याकडे नाही.

यात सगळं प्रकरण आलं. स्थिर रॉकेटवर आडवा वारा आला की दाब फिनवर जास्त पडतो, शेपूट वाऱ्याबरोबर जाते आणि नाक वाऱ्याकडे वळतं. आमच्यात नाक वाऱ्याबरोबर गेलं, याचा अर्थ दाब गुरुत्वमध्याच्या पुढे पडत होता. वाऱ्याने रॉकेट वळवलं नव्हतं, त्याने फक्त पहिला धक्का दिला. पुढचं उलटणं रॉकेटने स्वतःच केलं. ही वातकुक्कुटाची गोष्ट नव्हती, अस्थिरतेची होती, आणि दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. मोडलेली फिन चिकटपट्टीने जागेवर लावली, पॅराशूट भरलं, नवी ई१२ बसवली, आणि ओरखड्यांची चिंता आता उरली नसल्याने रॉकेट निवांतपणे पट्टीच्या धारेवर ठेवलं. जुनी पेन्सिलीची खूण रंगाखाली गाडली गेली होती, पण २९ चा आकडा वहीत होता. आता तोल ३२.२ वर आला. मोटर काढून वजन केलं: २११ ग्रॅम. रंगाआधी, मोटर सोडून, ते १७३ होतं. पुट्टी, इपॉक्सी, प्रायमर, रंग, लॅकर मिळून ३८ ग्रॅम. नाकात जी ४५ ग्रॅम माती मी इतक्या भक्तिभावाने दाबली होती, तिच्याशी जवळजवळ बरोबरी करणारं ओझं मी शेपटीवर चढवलं होतं.

मोडलेल्या फिनची कड मी भिंगाखाली धरली. नदीकाठच्या दरडीत दिसतात तसे थर. मधे पिवळसर बाल्सा, मग सीलरची चकचकीत रेघ, मग पुट्टी, आणि काही ठिकाणी ती पुट्टी जवळजवळ मिलिमीटरभर जाड. त्यावर राखाडी, पांढरा, काळा. दिसायला सुंदर होतं, हे कबूल करतो.

आता आकडे जुळले. ३६ वजा ३२.२, म्हणजे ३.८ सेंटिमीटर, म्हणजे कॅलिबरच्या अर्ध्याहून थोडं जास्त. एवढ्यावर शांत हवेत ते कदाचित गेलंही असतं. पण बॅरोमनचं गणित रॉकेट हवेला जवळजवळ सरळ सामोरं जातंय असं धरून चालतं. कोन वाढला की नळीच्या अंगावरही दाब पडू लागतो आणि दाबमध्य पुढे सरकतो. फिन तर मोठ्या कोनाला पकडच सोडतात. आणि आमचा कोन किती होता? २६९ ग्रॅमचं रॉकेट रॉडवरून सुटताना माझ्या अंदाजाने सेकंदाला नऊ-दहा मीटरने जात होतं. वारा चारने आडवा. म्हणजे रॉड सोडल्याच्या क्षणी हवा वीस अंशांहून जास्त तिरकी लागत होती. सरासरी थ्रस्ट वजनाच्या निदान पाचपट हवा असा ठोकताळा आहे. आमचा साडेचारपट. डी१२ आणि बिनरंगी अंगावर तो पावणेसहापट होता.

खऱ्या व्ही-२ ला हे का चाललं

इथे थोडं थांबतो, कारण मला तपासातला सर्वांत रंजक भाग हाच वाटला. खरा व्ही-२ सुटताना साडेबारा टनांच्या आसपास, थ्रस्ट साधारण पंचवीस टन. म्हणजे फक्त दुप्पट! आमच्या निकषाने तो मैदानातून हाकलून द्यावा असा. शिवाय त्याला रॉड नाही, रूळ नाही; एका छोट्या चौरंगावर मोकळा उभा. ३ ऑक्टोबर १९४२ ला जर्मनीतल्या पेनेम्युंडे या चाचणी-तळावरून तो पहिल्यांदा यशस्वी झाला तेव्हाही तो असाच सावकाश उठला.

फिनना हवा लागेपर्यंत त्याला सरळ कोण ठेवत होतं? ज्वाळेतच बसवलेल्या ग्रॅफाइटच्या चार पाती. जायरोस्कोपच्या (फिरत्या चकतीने दिशा ओळखणाऱ्या यंत्राच्या) इशाऱ्यावर त्या वळायच्या आणि झोताला दिशा द्यायच्या. वेग आल्यावर मग फिनचं काम. मॉडेलमध्ये जायरो नाही, पाती नाहीत. त्यांचं सगळं काम तो ९० सेंटिमीटरचा रॉड करतो, आणि तेवढ्या लांबीत वेग आला नाही तर पुढे सांभाळणारं कुणी नाही. आकार प्रमाणात लहान करता येतो, ही अक्कल करता येत नाही.

नाकाच्या वजनाचा प्रश्न मात्र खऱ्यालाही सुटलेला नव्हता. त्याचा तोल नाकातल्या सुमारे टनभर स्फोटकांवर धरलेला. युद्धानंतर अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून तीच रॉकेटं वैज्ञानिक उपकरणं घेऊन उडू लागली (२४ ऑक्टोबर १९४६ ला त्यांतल्याच एकाने अवकाशातून पृथ्वीचं पहिलं छायाचित्र काढलं), तेव्हा उपकरणं हलकी भरली तर तोल साधायला नाकात शिसं घालावं लागे. हे वाचल्यावर माझ्या मातीच्या गोळ्याबद्दल मला जरा आदर वाटू लागला.

दुरुस्ती

सरळ उपाय म्हणजे नाकात आणखी वजन. ई१२ ठेवायची तर ३१ ग्रॅम लागत होते, आणि मग रॉकेट बरोबर तीनशे ग्रॅमचं. थ्रस्ट चौपटीवर. एका दुखण्याचं औषध दुसरं दुखणं वाढवणार. ई१२ बाद. डी१२ वर १९ ग्रॅम पुरले असते, तरी वजन २७२.

फिन मोठ्या करायचाही विचार झाला. पारदर्शक प्लॅस्टिकच्या जादा फिन लावतात, लांबून दिसत नाहीत. पण व्ही-२ ची ओळखच त्याच्या फिन. मला ते पटलं नाही, आणि लेकीला त्याहून नाही.

शेवटी दोन्हीकडून आलो. शेपटीवरून काढायचं आणि नाकात घालायचं. तीन संध्याकाळी ओला पॉलिश पेपर घेऊन बसलो. लॅकर पूर्ण गेलं, शेपटीवरच्या चौकटी गेल्या, इपॉक्सीची भर निम्म्याने कमी केली. दर वेळी पुसून तराजूवर. मोडलेल्या फिनच्या जागी नवी केली तिला पुट्टी लावलीच नाही. पातळ कागद चिकटवला, त्याने रेषा झाकल्या आणि फिन कणखरही झाली. उरलेल्या तीन फिनवर जिथे पुट्टी जाड होती तिथे लाकूड दिसेपर्यंत घासलं. एकूण १४ ग्रॅम निघाले. त्या बारीक राखाडी भुकटीसारखं कंटाळवाणं काही नसतं, पण तराजूवरचा आकडा उतरताना बघायला मजा येते.

नाकात ११ ग्रॅम माती काडीने टोकापर्यंत ढकलली आणि वर इपॉक्सीचा थेंब सोडला. तो विसरायचा नाही. पॅराशूटचा बार उडतो तेव्हा सुटलेला गोळा नाक फोडून बाहेर येऊ शकतो.

नवा रंग एका हातात, पातळ. डी१२-३ बसवून वजन २५० ग्रॅम, तोल २९.४. थ्रस्ट वजनाच्या ४.९ पट, पाचच्या उंबरठ्यावर. ही तूट भरायला रॉड तिसऱ्या हिश्श्याने लांब केला: १२० सेंटिमीटर, पाच मिलिमीटर जाड, वाकू नये म्हणून. आणि या वेळी दोरी. रंगावर वळ उठला. लेक म्हणाली, "दिसतोय." म्हटलं, दिसू दे.

दुसरं उड्डाण

सूर्य उगवतानाची वेळ निवडली, रिबन खाली लोंबत होती; पाठीकडून वाऱ्याची नुसती झुळूक. बटण दाबलं तर काहीच झालं नाही. इग्नायटरची एक तार निसटली होती. असं झालं की चावी काढून साठ सेकंद जवळ जायचं नाही. ते साठ सेकंद लेकीने मोठ्याने मोजले, मुद्दाम सावकाश.

दुसऱ्या खेपेला ते गेलं. रॉड सोडताना किंचित, अगदी किंचित, आमच्याकडे कललं. वाऱ्याकडे. तेवढ्यानेच माझा श्वास मोकळा झाला. चौकटी वर जाताना दिसत होत्या. अर्धा फेरा फिरलं असेल, जास्त नाही. धूर संपला, तीन सेकंद शांतता, शिखराच्या जरासं आधी पॅराशूट उघडलं. उतरताना शेपूट आधी टेकली आणि जुन्या फिनपैकी एकीचा कोपरा टवका उडून गेला.

तो टवका अजून भरलेला नाही. भरायला पुट्टीचा डबा काढला होता, तर लेकीने आधी तराजू समोर आणून ठेवला.